व्हय महाराजा कोणी म्हणायचं?

यंदा गणपती विसर्जन झाल्यावर आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस एक वाद चालला. वाडीतल्या एका मुलानं गेल्या जत्रेतल्या दशावताराचं, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचं, चित्रीकरण केलं होतं. रात्री जागून त्यानं ते जोडलं, मृदंगाखाली दबलेले संवाद ऐकू येतील इतका आवाज स्वच्छ केला आणि यूट्यूबवर टाकलं. आठ महिन्यांत सहा हजारांवर लोकांनी ते उघडलं. खाली दोन शब्द लिहिले अकरा जणांनी, आणि त्यांतही निम्मे त्याच्या घरचे. मुलगा वैतागला. कोकणी माणसाला दुसऱ्याचं कौतुक करवत नाही, आपण सगळे एका टोपलीतले खेकडे, असं त्यानं ग्रुपवर लिहिलं. त्यावर मुंबईत स्थायिक झालेल्या एका थोरल्यानं उत्तर दिलं: कामात दम असता तर लोक आपणहून बोलले असते, दाद मागून मिळत नाही. मग दोन तट पडले. एक तट प्रेक्षकाला कृतघ्न ठरवत होता, दुसरा कलावंताला सामान्य.

मला दोन्ही तट चुकलेले वाटतात, आणि दोघांची चूक एकच आहे. दाद मनातून आपोआप उसळून येते, असं दोघांनीही धरून ठेवलं आहे. ती आली नाही म्हणजे मन कोरडं, नाहीतर काम फिकं, तिसरी शक्यताच नाही. माझं म्हणणं असं की आवडणं वेगळं आणि दाद देणं वेगळं. आवडणं मनात होतं. दाद देणं हे काम आहे. त्या कामाला रीत लागते, जागा लागते, आणि ते कोणाच्या तरी अंगावर पडावं लागतं. गावात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या बसलेली होती, इतकी की ती रीत आहे हेही आपण विसरलो. पडद्यासमोर बसणाऱ्या माणसासाठी अशी रीत कोणी अजून घालून दिलेली नाही. त्या सहा हजारांची शांतता मला तिथून आलेली दिसते.

ज्यानं एकदा तरी गाऱ्हाणं ऐकलंय त्याला हे पटायला वेळ लागू नये. जत्रा असो, घरचा गणपती असो, नाहीतर नव्या होडीची पूजा, गावातला जाणता माणूस हात जोडून उभा राहतो आणि ‘बा देवा महाराजा’ म्हणून सुरुवात करतो. आज ह्या लेकरान तुज्या पायाकडे नारळ ठेवलो हा, त्याचा काय चुकला-माकला आसात तर ता पोटात घाल, त्याच्या घरादाराक यश दी. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबतो, आणि भोवतीचे सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय महाराजा!’ हा प्रतिसाद उत्स्फूर्त आहे असं कोणी म्हणणार नाही. ज्या पोराला गाऱ्हाण्यातलं अर्धं कळलेलं नाही ते म्हणतं, ज्याचं त्या घराशी बांधावरून भांडण चालू आहे तोही म्हणतो. म्हणून तो खोटा ठरतो का? मुळीच नाही. उलट त्या एका शब्दानं उभी असलेली माणसं त्या मागण्यात सामील होतात. कोणी म्हणायचं हा प्रश्नच तिथे नाही, कारण जो हजर त्यानं म्हणायचं. कधी म्हणायचं हाही नाही, कारण बोलणाऱ्यानं त्यासाठी थांबा ठेवलेला असतो. आणि समजा सगळेच गप्प राहिले, तर? गाऱ्हाणं घालणारा पुढचं वाक्य घेणारच नाही. तो मागे वळून बघेल.

दशावतारात हीच गोष्ट अधिक सैल पण अधिक जिवंत रूपात होते. त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोणाचं सोंग कोणी घ्यायचं ते ठरतं, आणि मग संवाद त्या रात्री, त्या बाकड्याभोवती सुचत जातात. नट बोलताना समोरच्या गर्दीला जोखत असतो. बायका पुढे सरकून ऐकायला लागल्या की तो विलाप लांबवतो, मागच्या पोरांची चुळबुळ वाढली की युद्ध आधी आणतो. म्हणजे प्रेक्षकाचा हुंकार हा नाटक झाल्यावर द्यायचा अभिप्राय नसतो. पुढचं वाक्य त्यातूनच घडत असतं. आता त्या मुलाच्या व्हिडिओकडे बघा. तेच आख्यान, तोच नट, तीच रात्र. पण बघणाऱ्यानं फोनकडे बघून कितीही मान डोलावली तरी त्या नटाच्या एका शब्दात फरक पडणार नाही, कारण ती रात्र होऊन गेली. हे बघणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही, ते त्याच्या अंगाला कळतं. जिथे आपल्या बोलण्यानं काहीच हलणार नाही तिथे माणूस बोलत नाही. भिंतीवरच्या तसबिरीला आपण ‘वा’ म्हणतो का?

शिमग्यात खेळे दारात आले की पोस्त, म्हणजे खुशीचे पैसे, द्यायचं असतं. खेळ आवडला की नाही ते मागाहून, ओसरीवर बसून बोलायचं. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात नाहीतर आमच्याकडच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, एखादी जागा लागली की बक्षीस येतं, आणि ते देणाऱ्याचं नाव, गाव, रक्कम माइकवरून सांगितली जाते. देणारा शंभराच्या नोटेबरोबर स्वतःची पसंती चारचौघांत मांडत असतो. कुडाळजवळच्या पिंगुळीतली ठाकर समाजाची चित्रकथी घ्या, जिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रांची पोथी सोडायची, एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीवर त्यातली कथा गायची. ते चित्र एकट्यानं बघण्यासाठी काढलेलंच नव्हतं. दाखवणारा, गाणारा आणि समोर बसलेले ऐकणारे मिळून ते पुरं व्हायचं. आज तेच चित्र फोनवर येतं तेव्हा गाणारा नाही, शेजारी बसलेलं कोणी नाही, आणि अंगठा पुढे सरकण्याच्या बेतात असतो. चित्राचं काही कमी झालं नाही. त्याच्याभोवती जी माणसं उभी असायची ती काढून घेतली गेली आहेत.

म्हणून खेकड्यांचा दाखला मला पटत नाही, आणि तो इतक्या सहजपणे दिला जातो याचं वाईटही वाटतं. ज्या माणसाला कौतुक करवत नाही तो दिवसभर रानात राबून रात्रभर जत्रेत उकिडवा बसेल? मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहून गावच्या भजनी मंडळाला पखवाज घेऊन देईल? आणि बघून न बोलण्याची सवय कोकणापुरती असती तर तिला कोकणी स्वभाव म्हणता आलं असतं. याकोब नील्सन या अभ्यासकानं २००६ साली इंटरनेटवरच्या सहभागाबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरांतले ९० नुसते बघतात, ९ कधीमधी काही बोलतात आणि बहुतेक सगळं बोलणं उरलेल्या १ माणसाकडून येतं. हे मराठी माणसाकडे बघून लिहिलेलं नाही. काटेकोर नियम म्हणून ते घेऊ नये, ठिकाणाप्रमाणे आकडा हलतो. पण जी गोष्ट जगभर दिसते तिच्यासाठी आपल्या मातीला दोष देण्याचं कारण नाही.

मग ती जगभर का दिसते? एक तर ‘सहा हजारांनी बघितलं’ हे वाक्यच तपासून घ्यायला हवं. फेसबुकनं व्हिडिओ ‘बघितला’ असं मोजण्यासाठी वर्षानुवर्षं ३ सेकंदांची अट ठेवली होती. यूट्यूबनं २०२५ साली शॉर्ट्स या छोट्या व्हिडिओंसाठी तेवढीही अट ठेवली नाही, चित्र हलायला लागलं की एक आकडा वाढतो. जत्रेला येणारा माणूस पायपीट करून येतो, चटई टाकून बसतो. त्याच्या येण्यालाच वजन असतं. इकडे अंगठ्याखालून सरकलेला माणूसही बघणाऱ्यांत धरला जातो. सहा हजार आणि अकरा यांची तुलना करून जो खिन्न होतो, तो बऱ्याच वेळा कधी न आलेल्या माणसांसाठी खिन्न होत असतो. पण हे कारण निम्मंच आहे, कारण खरोखर बसून बघणारेही गप्प असतात. त्यांचं काय? १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून एकमेकांशी बोलायला सांगितलं, आणि मध्येच त्यांतल्या एका मुलाला फेफऱ्याचा झटका आल्यासारखं ऐकवलं. हे आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यांतल्या ८५ टक्क्यांनी झटका संपायच्या आत खोलीबाहेर येऊन सांगितलं. आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटलं त्यांतून आले फक्त ३१ टक्के. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं पुढेच आहे. जे उठले नाहीत ते निर्विकार बसलेले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता, आणि संशोधक आत गेल्यावर तो मुलगा बरा आहे ना, असं ते विचारत होते. संकटाच्या हाकेची ही गोष्ट, नाटका-चित्राची त्याहून कितीतरी हलकी. तरी मनाची चाल तीच. व्हिडिओखाली सहा हजारांचा आकडा दिसला की प्रत्येकाला वाटतं, एवढ्यांतून कोणीतरी बोललंच असेल, माझ्या दोन ओळींनी काय होणार. आपण ज्या आकड्याला लोकप्रियतेची खूण समजतो तोच आकडा बघणाऱ्याला गप्प करतो.

याहून मोठी गोष्ट उजेडाची आहे. दशावताराच्या मांडावर, पूर्वी पेट्रोमॅक्सचा असो की आताचा हॅलोजनचा, उजेड नटावर असतो आणि प्रेक्षक काळोखात. त्या काळोखात कोण हसलं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कोणी ‘अगो बाय माजे’ म्हटलं, हे चार हातांपलीकडे कोणाला कळत नाही. दाद हवेत विरते आणि सकाळी दहीकाला झाल्यावर तिचा मागमूस उरत नाही. पडद्यावर हे उलटं झालं. तिथे उजेड प्रेक्षकावर पडतो. तुम्ही लिहिलेले दोन शब्द तुमच्या नावानिशी, फोटोनिशी, तारीखवारानिशी राहतात. ते साहेब वाचतो, व्याही वाचतात, विरुद्ध पॅनेलचा उमेदवार वाचतो. गावातल्या विवाहितेनं एखाद्या परक्या तरुणाच्या कवितेखाली ‘ही ओळ काळजाला लागली’ असं लिहिलं तर त्याचे किती अर्थ निघतील हे तिला चांगलं ठाऊक आहे. प्राथमिक शिक्षकानं खाणीवरच्या, नाहीतर प्रकल्पावरच्या एखाद्या पोवाड्याखाली ‘खरं आहे’ असं लिहिलं तर तो अभिप्राय उरत नाही, ती भूमिका होते. मग ही माणसं काय करतात? बघतात, मनात ठेवतात, आणि पुढे जातात. त्यांना कृतघ्न म्हणण्याआधी विचार करावा की आपण त्यांना काळोखातून उचलून रंगमंचावर उभं केलंय, आणि वर विचारतोय की तुम्ही बोलत का नाही. बोलणं हे नटाचं काम आहे, त्याच्या अंगावर ते धाडस असतं. प्रेक्षकाकडून ते धाडस मागण्याचा हक्क आपल्याला कधी मिळाला?

त्यात पुन्हा भाषेची अडचण. आमच्याकडचा माणूस आवडलं तर मालवणीत बोलतो, हातवारे करून, आवाज चढवून बोलतो. लिहायची वेळ आली की त्याला वाटतं, आता शाळेतलं मराठी काढलं पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, कोणी हसेल. एवढ्या धास्तीतून जे उरतं ते म्हणजे दोन टाळ्या आणि एक फूल. २००९ साली फेसबुकनं लाइकचं बटण आणलं तेव्हा अडचण सुटल्यासारखी वाटली, पण त्या अंगठ्यातून कोणाला काही सांगता येत नाही, फक्त आपण इथून गेलो एवढी नोंद होते.

आता त्या थोरल्यांच्या वाक्याकडे येतो: दाद मागून मिळत नाही. आपली भाषाच याच्या उलट सांगते. ‘दाद’ हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ न्याय. म्हणून आपण गवयाला दाद देतो आणि कोर्टात दाद मागतो, शब्द एकच. न्याय आपोआप होत नसतो. त्यासाठी कोणीतरी आसनावर बसावं लागतं, ऐकण्याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि मागणाऱ्याला मागण्याची सोय असावी लागते. चांगलं काम असेल तर लोक आपणहून बोलतील, हे म्हणणं म्हणजे खरी बाजू असेल तर निकाल आपोआप लागेल असं म्हणण्यासारखं आहे. आमच्याच कोकणातल्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांचं काय झालं? आधुनिक मराठी कवितेचं वळण ज्यांच्यापासून मोजलं जातं, ते शाळामास्तरकी करत १९०५ साली वारले तेव्हा त्यांच्या नावावर एकही कवितासंग्रह नव्हता. कविता मासिकांत, साप्ताहिकांत विखुरलेल्या होत्या, म्हणजे लोकांनी त्या बघितल्या होत्या. कामात दम नव्हता असं कोण म्हणेल? पुढे हरि नारायण आपट्यांनी त्या कविता गोळा करून संग्रह काढला, तेव्हा त्या एका जागी वाचायला मिळाल्या. आज गणपतीपुळ्याला आलेली माणसं मालगुंडचं स्मारक बघून जातात. पण ज्या एका वाचकानं ते काम आपलं मानलं, त्यानं ते तसं मानलं नसतं तर? गुणवत्ता होतीच. तिच्यासाठी हात हलवणारं माणूस मिळायला कवीच्या मृत्यूनंतरची वर्षं लागली.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मला मान्यही आहे. कोणी कोणाचं देणं लागत नाही. वाचणं, बघणं ही स्वतःत पुरी झालेली क्रिया आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. तेव्हापासून तिथे पुस्तकं घरी नेऊन वाचणाऱ्यांतल्या किती जणांनी लेखकाला पत्र लिहिलं असेल? अगदी मोजक्यांनी. त्यांचं वाचन त्यामुळे कमी प्रतीचं ठरत नाही. मी स्वतः आयुष्यभर असाच वाचत आलो, आणि माझ्यातली जी काही समज आहे ती त्या गप्प वाचनातून आलेली आहे. परक्या माणसानं परक्या माणसासाठी काहीतरी मांडून ठेवावं आणि कोणीतरी ते निःशब्द उचलून न्यावं, यात मला सुंदरही वाटतं. पण वाचनालयातला तो वाचक खरोखर अदृश्य होता का? तो वर्गणी भरत होता. पुस्तकाच्या पाठच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के पडत होते, आणि शिक्क्यांनी भरलेला कागद बघून पुढचा माणूस ते पुस्तक उचलत होता. ग्रंथपाल ‘हे घ्या, परवाच परत आलंय, चांगलं आहे म्हणत होते’ असं सांगत होता. मासिकात कथेखाली लेखकाचा पत्ता छापलेला असे आणि एखादा वाचक पोस्टकार्ड टाकी. ते कार्ड एकाकडून एकाला जाई, त्याचं प्रदर्शन होत नसे. गप्प वाचकाचा शब्द वाहून नेणाऱ्या वाटा त्याच्याभोवती होत्या. आज वाट एकच उरली आहे, आणि ती चव्हाट्यावरून जाते. म्हणून ‘गप्प राहण्याचा हक्क’ हा मुद्दा खरा असला तरी आजची शांतता त्या हक्कातूनच आली आहे असं नाही. बोलावंसं वाटूनही न बोलता आलेलं तिच्यात पुष्कळ आहे.

दुसरा आक्षेप जाणत्या कलावंतांकडून येतो: दाद कलेला बिघडवते. हाही खरा आहे. संगीत नाटकांच्या भरात वन्स मोअरच्या आग्रहापायी प्रसंगाची लय तुटायची, आणि पद पुन्हा पुन्हा घेताना पात्र मागे पडून गायक उरायचा. शक्ती-तुऱ्यात बक्षिसाच्या नोटा वाढू लागल्या की गाण्यातली शास्त्राची प्रश्नोत्तरं सुटतात आणि चावट कोट्या वाढतात, ही तक्रार जुनी-जाणती माणसं पोटतिडकीनं करतात. पडद्यावर तर ज्याला आकडा मिळतो त्याच्यासारखंच सगळे करू लागतात. मग शांतताच बरी नाही का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण रोज डोळ्यांना दिसतं. जाणता प्रेक्षक गप्प बसला म्हणून जागा रिकामी राहत नाही. तिथे दोन प्रकारची माणसं येऊन बसतात: जवळचे, जे सगळ्यालाच ‘अप्रतिम’ म्हणतात, आणि शिव्या देणारे, ज्यांना उजेडाची भीती नसते. नवं काही करू पाहणाऱ्या मुलाला मग जग या दोहोंचंच आहे असं वाटतं. चावट कोटीला नोट देणारा उठतो आणि शास्त्राचा सवाल कळलेला म्हातारा मान हलवून घरी जातो, तर गाणारा कोणाकडे बघून शिकेल? दाद बिघडली याचा अर्थ ती द्यायला चुकीची माणसं उरली. ‘अप्रतिम’ हा शब्द मी दादेत धरतच नाही. ‘तिसऱ्या प्रवेशात राजा मुकुट काढून बाकड्यावर ठेवतो आणि मग बोलतो, तिथे मला माझे वडील दिसले’, ही दाद झाली. यात स्तुती किती हे महत्त्वाचं नाही. काय बघितलं ते यात आहे, आणि करणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

शेजारच्या वाडीतली एक मुलगी चित्रं काढते. रापणीचं लांब जाळं किनाऱ्यावर ओढणारी माणसं, मांगराच्या सावलीत काजू सोलणारी म्हातारी, बाजारातल्या टोपल्या. तीन वर्षं ती दर आठवड्याला एक चित्र टाकत होती. गेल्या पावसाळ्यात बंद केलं. आईनं विचारलं तर म्हणाली, ‘कोण बगता? कोणीच काय बोलाक नाय.’ मी ती सगळी चित्रं बघितली होती. सगळी. रापणीच्या चित्रातली ओली रेव बघून मी रात्री बराच वेळ जागा होतो. आणि मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की तिला सांगणारे पुष्कळ असतील. ही बोच माझ्या मनातून जात नाही. मग एक दिवस बाजारात मासे विकणाऱ्या एका बाईनं तिला हटकलं. ‘गो बाय, चित्रां काढूची सोडलंस काय? राती जेवक बसण्याआदी मी तुजी चित्रां बगी. एक सांगतंय, टोपलेतले बांगडे काढलंस ते चुकलेले. बांगड्याच्या पराखाली काळो ठिपको आसता, तो काढूक इसारलंस.’ मुलगी घरी आली ती रडत. तीन वर्षं ज्या माणसाची ती वाट बघत होती ते माणूस रोज रात्री तिथेच होतं. त्याला चित्रातला बांगडा बांगडा म्हणून दिसत होता, तपासता येत होता. फक्त त्याच्याकडे बोलायची जागा बाजार ही होती, आणि मुलगी वाट बघत होती ती फोनमध्ये.

ग्रुपवरच्या भांडणात मी शेवटी एकच सूचना केली. देवळातल्या दिवाबत्तीला जशी पाळी असते, तशी याला लावूया. वाडीतलं कोणी काही करून टाकलं, गाणं, चित्र, कविता, व्हिडिओ, तर त्या महिन्यात पाळी असलेल्या तिघांनी ते पुरतं बघायचं आणि करणाऱ्याला कळवायचं. सगळ्यांसमोर नको, त्याला एकट्याला. लिहून नको असेल तर आवाजात, आपल्या बोलीत. आवडलंच पाहिजे असं नाही, बघितलेलं काहीतरी एक सांगायचं. काहींना हे पटलं नाही. पाळी लावून दिलेल्या दादेत जीव कसा येईल, असं थोरल्यांनी विचारलं. मी त्यांना विचारलं की गाऱ्हाण्याला तुम्ही लहानपणापासून उभे राहत आलात, त्यात जीव नव्हता का? त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मार्गशीर्षाची पाळी स्वतःहून मागून घेतली.

त्या मासेविक्या बाई आमच्या वाडीच्या नाहीत, त्यामुळे ग्रुपवरही नाहीत. तरी त्यांचा नंबर मुलीनं मागून घेतला. तिनं परवा पुन्हा चित्र टाकलं, तीन महिन्यांनी: पहाटेचं बंदर, ओल्या फळीवर टोपली, टोपलीत बर्फाचे खडे आणि त्यावर बांगडे, प्रत्येकाच्या पराखाली काळा ठिपका. संध्याकाळी तिच्या फोनवर चाळीस सेकंदांचा आवाज आला. मागे बाजाराचा गलका, कोणीतरी भाव करतंय, आणि त्यातून बाईंचं बोलणं: ‘ठिपको बरोबर जागेर हा गो. पण होडयेतसून आताच उतरलेले बांगडे दाखवलंस, मगे टोपलेत बरफ कित्याक?’